फवारणीआधी डब्याचा फोटो काढा

पऱ्हाटी फवारता फवारता माणसाला गरगरलं की घरचे त्याला दवाखान्यात नेतात, डबा मात्र धुऱ्यावरच राहतो. डॉक्टर विचारतात, औषध कोणतं? कुणालाच सांगता येत नाही. फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले ते यवतमाळचं २०१७ साल आपण विसरलेलो नाही, म्हणून झाकण उघडायच्या आधीच एवढं करा:

१. लेबलचा फोटो काढा. बारीक अक्षरातलं औषधाचं नाव आणि विषावरचा उतारा वाचता आला पाहिजे. दोन औषधं मिसळत असाल तर दोन्हींचा.
२. फोटो घरी पाठवा.
३. १८०० ११६ ११७ फोनमध्ये टाका. दिल्लीच्या एम्समधलं विषबाधा माहिती केंद्र, रात्रीही चालू असतं. डॉक्टरांनाही हा नंबर द्या. गाडीसाठी १०८.

मीठपाणी पाजून उलटी मात्र काढू नका.