सायकस पाळताना या चुका टाळा: वर्षातले तीन आठवडे लक्ष द्या, बाकी वेळ हात आवरा

सोसायटीच्या फाटकाशी, बँकेच्या पायऱ्यांवर किंवा बंगल्याच्या पोर्चमध्ये दिसणारं ‘सागो पाम’ हे पाम नव्हेच. ते सायकस रेव्होल्यूटा. मूळचं दक्षिण जपानमधलं, आणि नारळ-सुपारीपेक्षा पाइन-देवदाराला जवळचं. एवढ्याशा गैरसमजातून निम्म्या चुका होतात. पाम समजून लोक त्याला ढसाढसा पाणी घालतात, दर महिन्याला नवं पान शोधतात आणि ते दिसलं नाही की खताची पिशवी उघडतात.

सायकसची रीत वेगळी आहे. बरेच महिने ते ढिम्म उभं असतं. मग शेंड्यातून पानांचा अख्खा घेर एकदम वर येतो, बहुतेक झाडांना वर्षातून एकदाच. आपल्याकडे हे बहुधा उन्हाळ्याच्या शेवटी किंवा पावसाच्या सुरुवातीला घडतं. दोन-तीन आठवड्यांत ती पालवी उलगडते, मग टणक होते, आणि पुढे दोन-तीन वर्षं तीच पानं झाडाला पोसतात. त्या थोड्या दिवसांत जे बिघडतं ते पुढच्या पालवीपर्यंत बघत बसावं लागतं. म्हणून माझं मत असं की सायकसच्या बाबतीत माणसं चुकीच्या वेळी कामसू असतात.

पालवी फुटली आणि तुम्ही गावाला गेलात

परत आलात तर पानांच्या जागी पिवळट काड्या. पर्णिका कुरतडलेल्या, टोकं वाळलेली. बहुतेक जण याला ऊन लागलं म्हणतात किंवा बुरशी समजून बुरशीनाशक मारतात. खरा गुन्हेगार तोवर उडून गेलेला असतो. प्लेन्स क्युपिड हे निळसर, नखाएवढं फुलपाखरू सायकसच्या कोवळ्या पालवीवर अंडी घालतं. अळ्या हिरव्या किंवा तांबूस, पालवीच्या रंगात मिसळून जाणाऱ्या. त्यांच्या अंगातून गोड रस पाझरतो, म्हणून मुंग्या त्यांची राखण करतात. वरच्या कोंबावर अचानक मुंग्यांची रांग दिसली तर अळी आहे असं धरूनच चाला.

उपाय सोपा आहे, फक्त वेळेवर हवा. शेंड्यातून पानांची टोकं डोकावली की झाडावर मच्छरदाणीचं कापड सैलसर टाकून खाली बांधा. पालवी टणक झाली की काढून घ्या. जून पान या अळीला खाता येत नाही. कापड नको असेल तर रोज सकाळी कोंब उघडून बघा, अळ्या वेचा, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने अंडी धुऊन काढा. प्रादुर्भाव जास्त असेल तर संध्याकाळी बीटीची (बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूंच्या कीडनाशकाची) फवारणी करा. हे जिवाणू फक्त अळीच्या पोटात गेल्यावर काम करतात, त्यामुळे पालवीच्या बेचक्यांत फवारा पोचला पाहिजे. फुलपाखरांसाठी बाग करणाऱ्यांना हे सगळं पटणार नाही, आणि त्यांचंही बरोबर आहे. त्यांनी एक झाड अळ्यांना सोडून द्यावं, दुसरं झाकावं.

याच दिवसांतली दुसरी चूक म्हणजे कुंडी हलवणं. अर्धवट उलगडलेली पानं उजेडाकडे वळतात. कुंडी फिरवली की घेर वाकडातिकडा होतो आणि तसाच टणक होतो. सावलीतली कुंडी एकदम गच्चीवरच्या उन्हात नेली तर पानं भाजतात. उलट फ्लॅटच्या आतल्या कोपऱ्यात, कमी उजेडात पालवी आली तर पानं लांबुळकी, लेचीपेची होऊन लोळतात. जागा बदलायची असेल तर पालवीच्या आधी बदला. पाणी मात्र या दिवसांत कमी पडू देऊ नका. वर्षात झाडाला खरी तहान लागते ती तेव्हाच.

पाणी आणि माती

एरवी सायकस मरतं ते तहानेने नाही, पाण्याने. कुंडीखालची पाणी साचलेली बशी, चिकट काळी माती, गरजेपेक्षा दुप्पट मोठी कुंडी, ही त्याची मरणाची साधनं. कुंडी मुळांपेक्षा थोडीशीच मोठी घ्या. मिश्रणात निम्मा भाग तरी जाडी वाळू, विटांचा चुरा किंवा बारीक मुरूम असावा. उरलेल्या भागात माती आणि पूर्ण कुजलेलं शेणखत. वरची दोन इंच माती कोरडी झाल्याशिवाय पाणी नाही. कोकणात चार महिने कुंड्या पागोळीखालून हलवा. जमिनीत लावायचं तर फूटभर उंचवटा करून लावा, आणि खोड मातीत गाडू नका. शेंड्यात माती किंवा पालापाचोळा साचला तर कोंबच कुजतो.

खोड दाबून बघण्याची सवय लावा. टणक लागलं तर झाड जिवंत आहे, पानं असोत वा नसोत. बोट आत रुतलं तर सडणं सुरू झालंय. मग झाड उपटून मऊ भाग निरोगी पांढरा गाभा दिसेपर्यंत कापायचा, जखमेला बुरशीनाशक लावून सावलीत सुकवायचं आणि कोरड्या वाळूत उभं करायचं. वाचेलच असं नाही.

पिवळं पान: कुठलं पिवळं?

इथे सगळ्यांत जास्त पैसे वाया जातात. पान पिवळं दिसलं की युरिया, असा शिरस्ता आहे. आधी बघा की पिवळं झालंय ते नवं पान की जुनं.

नवीन घेर आल्यावर सगळ्यात खालची, जमिनीकडची पानं पिवळी पडून वाळली तर ते त्यांचं वय आहे. काही करू नका. जुनी पानं कडांनी पिवळी आणि मधल्या शिरेजवळ हिरवी राहत असतील तर मॅग्नेशियमची कमतरता असू शकते. एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) चालतं. पण नवीन पालवीच पिवळी, आखूड, चुरगळलेली आणि टोकांना भाजल्यासारखी निघाली, आणि अळी कुठेच सापडली नाही, तर ती मँगेनीजची कमतरता. नावं सारखी वाटतात म्हणून दुकानातून हमखास चुकीची पुडी येते. एप्सम सॉल्टने मँगेनीजची कमतरता भरून निघत नाही.

पुणे, सोलापूर, मराठवाड्याकडे हा दोष जास्त दिसण्याचं कारण पायाखालीच आहे. आपली काळी माती चुनखडीची, बोअरचं पाणी जड, आणि वर नवीन बंगल्याच्या पायाजवळ सिमेंट-चुन्याचा राडारोडा गाडलेला. अशा विम्ल (अल्कधर्मी) मातीत मँगेनीज असूनही मुळांना मिळत नाही. लिटरभर पाण्यात दोन-तीन ग्रॅम मँगेनीज सल्फेट घालून पालवी टणक होत असताना फवारा आणि थोडं मातीतही द्या. बिघडलेली पानं सुधारणार नाहीत. गुण पुढच्या पालवीत दिसेल, आणि तोवर धीर धरणं हाच औषधाचा दुसरा डोस.

पांढरी भुकटी

पानांवर चुना शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके दिसतात आणि माळी सांगतो, धूळ आहे. बोटाने घासा. धूळ पुसली जाते. खवले कीड पापुद्र्यासारखी सुटते आणि खाली पिवळा डाग राहतो. पांढऱ्या कापसासारखा चिकट गोळा असेल तर तो पिठ्या ढेकूण, त्याला झटकन आवरता येतं. खवल्याला नाही.

सायकसवरची ही खास खवले कीड, ऑलाकॅस्पिस यासुमात्सुई, आग्नेय आशियातली. १९९६ मध्ये ती अमेरिकेत फ्लोरिडात सापडली, २००३ मध्ये ग्वाम बेटावर. ग्वामच्या जंगलात त्याआधी सर्वाधिक संख्येने असलेलं सायकस मायक्रोनेसिका काही वर्षांत धोक्यातल्या प्रजातींत गेलं. कीड पसरण्याचा मोठा मार्ग म्हणजे नर्सरीतल्या रोपांची ने-आण. म्हणून नवं झाड आणलं की ते थेट जुन्या झाडांशेजारी ठेवू नका. महिना-दीड महिना वेगळं ठेवा आणि पानांची खालची बाजू भिंगाने तपासा.

लागण झालीच तर फार भरलेली पानं कापून पिशवीत बंद करा. कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका. मग निंबोळी तेल किंवा बागेसाठी मिळणारं खनिज तेल, साबणाच्या पाण्यात घोटून, आठवड्याच्या अंतराने तीन-चार वेळा फवारा. पानाखाली, देठांच्या बेचक्यात, खोडाच्या खपल्यांत, सगळीकडे. दुपारच्या उन्हात तेल फवारलं तर पानं करपतात. आणि एक गोष्ट हमखास सुटते: ही कीड मुळांवरही बसते. वर स्वच्छ दिसणारं झाड दोन महिन्यांत परत पांढरं होतं ते यामुळेच. मेलेले खवले मात्र पानावर बराच काळ चिकटून राहतात. ते बघून घाबरून आणखी औषध ओतू नका. खरवडा, कोरडे निघाले तर काम झालं आहे.

आजार नसलेले आजार

शेंड्यात दिसणारी तपकिरी लोकर ही बुरशी नव्हे, कोंबाचं पांघरूण आहे. खरवडू नका. कुंडी बदलताना मातीच्या वरच्या थरात पोवळ्यासारखी गाठाळ, फांद्याफांद्यांची मुळं दिसतील. सूत्रकृमींच्या (मातीतल्या सूक्ष्म कृमींच्या) गाठी समजून लोक ती छाटतात. त्या मुळांत निळे-हिरवे जिवाणू राहतात आणि हवेतला नत्र झाडाला मिळवून देतात. म्हणजे खताचा कारखानाच कापला जातो.

वर्षभर पालवीच आली नाही? जागा बदलल्यानंतर सायकस रुसतंच. शिवाय ज्या वर्षी मादी झाड बीजधारी पर्णांचा गड्डा धरतं, त्या वर्षी पालवी चुकू शकते.

दिवाळीच्या साफसफाईत हिरवी पानं छाटून झाडाला अननसासारखा शेंडा ठेवायची एक फॅशन आहे. हिरवं पान म्हणजे साठा. तो कापला की पुढची पालवी लहान येते. पूर्ण तपकिरी झालेलंच पान कापा.

पिल्लं, बिया आणि नर-मादीचा घोळ

खोडाच्या बुंध्याशी आलेली पिल्लं काढायची ती पावसाळ्यात नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये, कोरड्या हवेत, धारदार सुरीने काढा. पिल्लाची सगळी पानं उतरवा. मुळं नसताना पानं म्हणजे नुसती गळती. जखम आठ-दहा दिवस सावलीत सुकू द्या, मग वाळूत अर्धं रोवा आणि ओलावा जेमतेम ठेवा. मुळं धरायला महिने लागतात. उपटून बघण्याचा मोह बहुतेक पिल्लांचा जीव घेतो.

‘जोडी घ्या, एक नर, एक मादी’ असं सांगून लहान रोपं विकली जातात. शंकू (मादीत तो बीजधारी पर्णांचा गड्डा) येईपर्यंत पानांवरून नर-मादी ओळखता येत नाही, आणि शंकू यायला दहा-पंधरा वर्षं सहज जातात. खात्री हवी तर मोठ्या झाडाचं पिल्लू घ्या. त्याचं लिंग आईझाडाचंच असतं. जवळ नर नसेल तरीही मादीवर नारिंगी-लाल बिया दिसू शकतात, पण त्या पोकळ निघतात. रुजवायच्या बियांवरचा गर हातमोजे घालूनच काढा. बी आडवं, अर्धं उघडं ठेवा.

गर आणि बी दोन्ही विषारी आहेत, तसा झाडाचा प्रत्येक भाग. कुत्र्याने एखाददुसरं बी चावलं तरी यकृत निकामी होऊ शकतं. उलटी होण्याची वाट न बघता जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. ‘सागो’ नावावरून उपवासाच्या साबुदाण्याशीही संबंध जोडू नका. आपला साबुदाणा कसाव्याच्या कंदाचा. केरळात सायकस सर्सिनॅलिसच्या बियांचं पीठ करतात, पण वाळवून, पुनःपुन्हा पाणी बदलून, पिढ्यान् पिढ्यांच्या रीतीने. घरी प्रयोगाला ती जागा नाही.

जमवण्याचा नाद लागल्यावर

रेव्होल्यूटानंतर मेक्सिकोचं झॅमिया फरफ्युरेशिया घ्या. गोलसर, जाड पानांचं, तक्रार न करणारं. सर्सिनॅलिस आपल्या पश्चिम घाटाचं. लहानपणी त्याला सावली आणि जास्त ओलावा लागतो, रेव्होल्यूटाच्या हिशेबाने उन्हात ठेवलं की पानं पिवळी पडतात. ते धोक्यात आहे, म्हणून नर्सरीत बियांपासून वाढवलेलंच घ्या. जाड, म्हातारं खोड, तुटकी मुळं आणि शेणामातीत नुकतंच खोचलेलं झाड स्वस्तात मिळालं, तर ते जंगलातून उपटलेलं असण्याची शक्यता मोठी. तिरुपतीच्या डोंगरांतलं सायकस बेडोमाय तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आणि साइट्सच्या (धोक्यातल्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात आहे.

मग नजर आफ्रिकेच्या एन्सेफॅलार्टोसकडे जाते. त्याच्या सगळ्या प्रजाती साइट्सच्या पहिल्या परिशिष्टात आहेत आणि दक्षिण आफ्रिकेत चोरांपासून वाचवायला झाडांच्या खोडात मायक्रोचिप बसवतात. त्यातलं वुडाय हे १८९५ मध्ये आजच्या क्वाझुलू-नाताळ प्रांतातल्या ओन्गोये जंगलात एकदाच सापडलं, नर. आज जगभर असलेली सगळी झाडं त्या एकाची पिल्लं, त्यामुळे सगळी नर. ‘वुडायचं बी’ विकणारा दिसला तर पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही. परदेशातून कुठलंही बी-रोप मागवायचं तर २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि पाठवणाऱ्या देशाचं फायटोसॅनिटरी (कीड-रोग नसल्याचं) प्रमाणपत्र लागतं. प्रजाती साइट्सच्या यादीतली असेल तर त्याची कागदपत्रं वेगळी. पाकिटात गुपचूप आलेल्या बिया खवल्याइतक्याच महागात पडतात.

प्रत्येक कुंडीला ॲल्युमिनियमची पट्टी बांधा: प्रजाती, कुठून आलं, कोणत्या वर्षी, बी की पिल्लू. मार्करची अक्षरं दोन उन्हाळ्यांत उडतात, खिळ्याने कोरा. शंकू आल्यावर नर की मादी तेही त्यावर घाला, आणि पिल्लू कुणाला दिलंत तर तीच माहिती चिठ्ठीवर लिहून सोबत द्या.