वर्डमध्ये टेम्प्लेट बदललं तरी मराठी फॉन्ट जुनाच का राहतो?

सोसायटीची नोटीस काढायची म्हटलं की मी आधी काय करायचो, मागच्या वर्षीच्या एजीएमची नोटीस उघडायची, तारीख बदलायची आणि सेव्ह ॲज. एकदा घाईत नुसतं सेव्ह दाबलं गेलं आणि जुनी नोटीस गेली ती गेलीच. तेव्हापासून टेम्प्लेट, म्हणजे तयार साचा, ज्यावरून दरवेळी नवी फाइल उघडते.

बनवायला काही नाही. नीट दिसणारी एक फाइल घ्या, तारखा-नावं काढून टाका, सेव्ह ॲजमध्ये टाइप 'वर्ड टेम्प्लेट' निवडा. वर्ड स्वतःच कस्टम ऑफिस टेम्प्लेट्स नावाच्या फोल्डरमध्ये जातं, जाऊ दे, मग फाइल > न्यू मध्ये पर्सनलखाली ते दिसायला लागतं. फक्त पुढे त्यात दुरुस्ती करायची असेल तर फाइल > ओपन मधूनच उघडा. डबलक्लिक केलंत तर त्याच्यावरून नवीन डॉक्युमेंट उघडतं, आपण तासभर त्यात खपतो आणि टेम्प्लेट आहे तसंच.

आता आधीच टाइप केलेल्या फाइलला दुसरं टेम्प्लेट लावायचंय. त्याला डेव्हलपर टॅब लागतो, नसेल तर फाइल > ऑप्शन्स > कस्टमाइझ रिबन मध्ये टिक करा. तिथे डॉक्युमेंट टेम्प्लेट, मग अटॅच, फाइल निवडा आणि खालच्या 'ऑटोमॅटिकली अपडेट डॉक्युमेंट स्टाइल्स' ला टिक (स्टाइल म्हणजे मथळा, मजकूर वगैरेंसाठी नाव देऊन ठरवून ठेवलेला फॉन्ट, साइझ, अंतर). ही टिक विसरलात तर काहीच बदललेलं दिसणार नाही. काम झालं की परत जाऊन ती काढा, नाहीतर उद्या टेम्प्लेटमध्ये काही बदललं की जुन्या फाइलीही उघडल्यावर बदलतात.

पण यातून येतात त्या फक्त स्टाइल्स, लेटरहेड आणि मार्जिन येत नाहीत. ते हवं असेल तर सरळ नव्या टेम्प्लेटवरून कोरी फाइल उघडा आणि मजकूर पेस्ट करा.

आणि मराठीवाल्यांची खरी गोची इथे आहे. वर्ड देवनागरीला कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट (काना-मात्रा, जोडाक्षरं जुळवावी लागणारी लिपी) मानतं आणि तिचा फॉन्ट नि साइझ इंग्रजीपेक्षा वेगळे ठेवतं. मी नॉर्मल स्टाइलमध्ये साइझ १४ केला, इंग्रजी आकडे मोठे झाले, मराठी होतं तेवढंच, मला वाटलं कॉम्प्युटरच बिघडलाय! तर स्टाइलवर राइट क्लिक, मॉडिफाय, खाली फॉरमॅट > फॉन्ट, तिथे कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्सचा वेगळा चौकोन असतो, त्यात मंगल किंवा निर्मला यूआय आणि साइझ टाका. चौकोन दिसत नसेल तर ऑप्शन्समधल्या लँग्वेजमध्ये मराठी ॲड करा. हे टेम्प्लेटमध्येच एकदा करून ठेवा.

एवढं करूनही एखादा पॅरा हलत नसेल तर तो कुणीतरी हाताने फॉरमॅट केलेला असतो. सिलेक्ट करून कंट्रोल-स्पेस आणि कंट्रोल-क्यू. बोल्ड केलेलं मात्र त्यात जातं, ते परत करावं लागेल.