बोडीत मत्स्यजिरे सोडले, आता पहिले पंधरा दिवस खाऊ काय घालता?

रोवणीची घाई सुरू झाली की भंडारा-गोंदियाकडे बोड्या, म्हणजे शेतातली छोटी तळी, भरतात आन त्याच टायमाले हॅचरीतून रोहू, कटला, मृगळचे जिरे, म्हणजे अंड्यातून नुकतेच निघालेले पिल्लं, यायला लागतात. मंग दरवर्षीचं रडगाणं, लाखभर टाकले न् निघाले मूठभर, दोष हॅचरीवाल्याले. कधी असतेही त्याचा दोष, पण बरेचदा पिल्लं उपाशी मरतात, तेही ढेप (तेल काढल्यावर उरलेली पेंड) टाकलेल्या पाण्यात.

काहून, ते पाहा. अंड्यातून निघाल्यावर तीनेक दिवस पिल्लू पोटाखालच्या पिवळ्या पिशवीवर जगते, ती संपत आली की हॅचरीवाला ते तुमच्या हातात देते, तेव्हा ते 6 ते 8 मिलिमीटरचं असते आन तोंड तर दिसतही नाही. त्यात रोहू-कटल्याले जठर नसतेच, मोठ्या माशालेही नाही, सगळं पचन आतड्यात. मोठ्याचं आतडं लांब, वेटोळ्याचं, पिल्लाची मात्र आखूड सरळ नळी, पाचक रसही कमी. म्हणून त्याले पाण्यातले बारीक जिवंत किडे लागतात, आधी रोटिफर, मंग मोइना, मऊ असतात न् लवकर पचतात. कोरडी ढेप एकतर तोंडात मावत नाही, नाहीतर तळाले बसून सडते.

म्हणजे जिरे यायच्या आधीच पाणी तयार पाह्यजे. 10 गुंठ्याच्या बोडीले भुईमुगाची ढेप 75 किलो, शेण 20 किलो, सिंगल सुपर फॉस्फेट 5 किलो, भिजवून घट्ट रबडी करा, अर्धी जिरे सोडायच्या दोन-तीन दिवस आधी टाका, उरलेली पुढं किडे कमी वाटले तशी थोडी थोडी. मंग बारीक जाळीच्या कपड्यातून 50 लिटर पाणी गाळा, 1 ते 2 मिली किडे जमले तरच जिरे आणा. नसतील तर हॅचरीवाल्याले फोन करून दोन दिवस थांबवा, लाजू नका. पाणकिडे, चतुराच्या अळ्या जिरे खातात, त्यांच्यासाठी 12 ते 24 तास आधी, वारा नसताना, साडेपाच किलो खायचं तेल आन पावणेदोन किलो स्वस्त साबण घोळून वरून पसरवा.

आता वरचं खाद्य. ढेप आन धानाचा कोंडा निम्मा-निम्मा, जुन्या धोतराच्या कापडातून चाळून, पिठासारखा. 1 लाख जिऱ्यामागं पहिले पाच दिवस रोज 600 ग्रॅम, नंतर 1 किलो 200 ग्रॅम, सकाळ-संध्याकाळ दोन वाटे. झड लागली, आभाळ दोन दिवस उघडलं नाही, पहाटे पिल्लं वर येऊन तोंड मारून राहिले तर खाद्य बंद, ऑक्सिजन कमी झाला समजा.

पचून राहिलं की नाही हे पाहायचं असेल तर काचेच्या ग्लासात पाच-सहा पिल्लं घ्या आन उजेडासमोर धरा. अंग आरपार दिसते, पोटात काळसर धागा भरलेला असला तर ठीक. धागा नाही न् डोकं मोठं, अंग सुकलेलं, तर उपाशी आहेत, तिथं ढेप वाढवून फायदा नाही, किडे वाढायले उरलेली रबडी पाण्यात टाका.

व्हॉट्सअपवर खेकडापालनाचे व्हिडिओ पाहून कोणी चिंबोरीचं, म्हणजे खाडीतल्या मोठ्या खेकड्याचं, बी विचारून राहिले, त्यांच्यासाठी: तिच्या अळीले समुद्राएवढं खारट पाणी लागते, लिटरमागं 30 ग्रॅमच्या आसपास मीठ. तिलेही आधी रोटिफर, मंग आर्टेमिया (खारट पाण्यातला बारीक जिवंत किडा) द्यावा लागते, कारण पोटातलं अन्न दळायचं जातं अळीचे पाच टप्पे संपून पुढच्या अवस्थेत गेल्यावरच तयार होते. आपल्या बांधातल्या खेकड्याची गोष्ट वेगळी, त्याचे पिल्लं मादीच्या पोटाखालून थेट खेकडा होऊनच निघतात. म्हणून चिंबोरीचा नाद बोडीत नको.

15 ते 20 दिवसांत पिल्लू इंचभराच्या आसपास होते. जाळं टाकायच्या आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवा, भरल्या पोटी पिशवीत घातले तर घाण करतात आन रस्त्यातच मरतात.