आधी रिकामी प्लेट मोजा: दाहाच्या संशोधनात येणाऱ्यांसाठी

आमच्या घरी आईच्या हातची भाकरी बंद झाली तेव्हा मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. सकाळी उठल्यावर तिची बोटं मिटत नसत. दहा-अकरा वाजेपर्यंत ती हळूहळू मोकळी व्हायची आणि दुपारी तीच बाई विळीवर भाजी चिरायला बसायची. सांगलीतल्या डॉक्टरांनी आमवात आहे म्हणून सांगितलं, आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्झेटची गोळी सुरू केली. घरी परतताना एसटीत आईनं मला विचारलं, "तू हेच शिकतेस ना? मग सकाळीच का गं दुखतं?"

मला सांगता आलं नाही. पुढं पीएचडी करताना वाचलं की आमवाताच्या रुग्णांच्या रक्तात आयएल-६ हे दाह वाढवणारं प्रोटीन रात्री उशिरा चढू लागतं, पहाटेच्या सुमाराला सर्वांत वर असतं आणि दिवस वर येईल तसं उतरतं. आईच्या बोटांचं वेळापत्रक असं रक्तात लिहिलेलं होतं. तेव्हापासून मी दाहाच्याच मागे आहे. मधली चार वर्षं परदेशात गेली, बाकी सगळी पुण्यात. दरवर्षी जून-जुलैत काही मुलं-मुली भेटतात आणि विचारतात, इम्युनॉलॉजीत, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीच्या शास्त्रात, यायचंय, काय करू? त्यांना मी जे सांगते ते इथं लिहिते आहे.

प्रवेशाचं आधी उरकते. मायक्रोबायॉलॉजी, बायोटेक, झूऑलॉजी, लाइफ सायन्सेस, यांपैकी कशातही एमएस्सी चालते. डॉक्टर, पशुवैद्य आणि फार्मसीवालेही या क्षेत्रात येतात आणि ते यावेत असं मला फार वाटतं. सीएसआयआर-यूजीसी नेट किंवा डीबीटीची, म्हणजे केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची, जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) हे नेहमीचे दरवाजे. फेलोशिप पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढं एसआरएफ (वरिष्ठ फेलो) झाल्यावर ४२,००० आणि शिवाय घरभाडं. हे दर जानेवारी २०२३ पासूनचे आहेत. फेलोशिप कधीकधी महिनोन् महिने रखडते, तेव्हा तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवूनच पुण्या-मुंबईत खोली घ्या. संस्था म्हणाल तर पुण्यात एनसीसीएस आणि आयसर, परळला केईएमच्या आवारात एनआयआयएच, खारघरला ॲक्ट्रेक, दिल्लीत १९८१ साली स्थापन झालेली राष्ट्रीय इम्युनॉलॉजी संस्था, बंगळुरूला आयआयएस्सी. पीएचडीला पाच-सहा वर्षं धरा.

आता खरं सांगायचं ते.

दाह म्हणजे लाली, सूज, ऊब आणि वेदना, ही चार लक्षणं रोमन काळात सेल्ससनं नोंदवली आणि आजही पहिल्या तासाला तीच शिकवतात. पण विद्यार्थ्यांना मी आधी एक काटा दाखवते. १८८२ साली इटलीतल्या मेसिनाला इल्या मेचनिकॉफ या प्राणिशास्त्रज्ञानं तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्याभोवती भटक्या पेशी जमलेल्या होत्या. त्या काळी दाह हा रक्तवाहिन्यांचा विकार मानला जाई. तारामाशाच्या अळीत रक्तवाहिन्याच नसतात. म्हणजे पेशी जमतात त्या वाहिन्यांमुळे, हे स्पष्टीकरण प्राणी निवडतानाच बाद झालं होतं. १९०८ साली त्याला पॉल एर्लिखबरोबर नोबेल मिळालं. पेशी दिसल्या हे मोठंच, पण दुसरं स्पष्टीकरण आधीच निकालात निघालं होतं, ते मला त्याहून मोठं वाटतं. आमच्या विषयाची सगळी अडचण तिथंच आहे, आणि ती मला आठ महिने घालवून कळली.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी क्षयाच्या जंतूचं एक प्रोटीन ई. कोलाय या जिवाणूमध्ये तयार करत होते. ते शुद्ध करून उंदराच्या अस्थिमज्जेतून वाढवलेल्या मॅक्रोफेजवर, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशींवर, घालायचं आणि पेशी टीएनएफ हे दाह वाढवणारं प्रोटीन किती सोडतात ते एलायझा या रंगावरून मोजणाऱ्या चाचणीनं मोजायचं. पहिल्याच प्लेटला, म्हणजे चाचणीच्या खळग्यांच्या ताटलीला, पिवळाधमक रंग आला. डोस वाढवला की टीएनएफ वाढे, कमी केला की उतरे. पुन्हा केलं, पुन्हा तेच. आठ महिन्यांत माझ्याकडे सुरेख आलेख होते आणि एका परिषदेत पोस्टरही लागलं. मी घरी फोन करून सांगितलं होतं की माझं काम जमलं.

मग एका लॅबमीटिंगमध्ये आमच्यातल्या एका सिनियर ताईनं विचारलं, "प्रोटीन उकळून घालून बघितलंस का?"

नव्हतं बघितलं. दुसऱ्या दिवशी प्रोटीन उकळलं आणि घातलं. टीएनएफ तेवढंच आलं. उकळलेल्या प्रोटीनची घडी मोडते, त्याचं काम थांबायला हवं. इथं काहीच थांबलं नव्हतं. मग पॉलिमिक्सिन बी घालून पाहिलं, ते जिवाणूंच्या कवचातल्या एलपीएस या पदार्थाला चिकटून त्याला निकामी करतं. टीएनएफ जवळजवळ शून्यावर आलं. माझ्या मॅक्रोफेजनी आठ महिने क्षयाच्या प्रोटीनला उत्तरच दिलं नव्हतं. ई. कोलायच्या कवचातलं एलपीएस माझ्या प्रोटीनला चिकटून आलं होतं आणि पेशी इमानानं त्याला उत्तर देत होत्या. डोस वाढवला की घाण वाढत होती, म्हणून आलेख इतका सरळ येत होता.

त्या रात्री मी होस्टेलवर जेवले नाही. गाइड ओरडले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं की पोस्टरवर सहलेखक कोण कोण होते, आणि त्या प्रत्येकाला मी स्वतः कळवावं असं सांगितलं. ते चार ईमेल लिहायला मला दोन दिवस लागले.

हे एलपीएस, म्हणजेच एंडोटॉक्सिन, नीट ओळखून ठेवा. मिलिलिटरला एक नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग, इतक्या कणभर मळानंही माणसाच्या मोनोसाइट, म्हणजे रक्तातल्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी, जाग्या होतात. वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हच्या १२१ अंशांना ते दाद देत नाही. काचेची भांडी २५० अंशांच्या कोरड्या उष्णतेत अर्धा तास भाजावी लागतात. निर्जंतुक पाणी आणि एंडोटॉक्सिनमुक्त पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी नव्या मुलांकडून तोंडी म्हणून घेते. ते मोजायला एलएएल चाचणी वापरतात, ती हॉर्सशू क्रॅब या समुद्रजीवाच्या निळ्या रक्तापासून बनते, कारण त्या रक्ताची एंडोटॉक्सिन लागताच गुठळी होते. प्रोटीनची प्रत्येक नवी खेप मोजा. आधी मोजली होती म्हणून आता सोडली, असं करू नका.

आणि हा फक्त माझा अनुभव नव्हे. हीट शॉक प्रोटीनं, म्हणजे ताण आल्यावर पेशी बनवतात ती, मॅक्रोफेजना थेट चेतवतात असे निष्कर्ष वर्षानुवर्षं छापून येत होते. २००३ च्या सुमाराला स्वच्छ केलेली प्रोटीनं वापरून प्रयोग झाले आणि त्यांतला बराचसा परिणाम एलपीएसच्या भेसळीचा निघाला.

ज्या मळानं माझे आठ महिने गेले त्याच मळातून या शास्त्राचा पाया सापडला, ते मला आजही थरारून टाकतं. शुद्ध प्रोटीन टोचलं तर शरीर फारसं दखल घेत नाही, त्यात जंतूंचा अंश मिसळला की घेतं, ही गोष्ट लसवाल्यांना कधीची ठाऊक होती. १९८९ मध्ये चार्ल्स जेनवे या प्रतिकारशास्त्रज्ञानं मांडलं की जंतूंच्या ठरावीक खुणा ओळखणारे रिसेप्टर आपल्या पेशींवर असणार. उंदरांची एक जात, सीथ्रीएच/हेज, एलपीएसला उत्तरच देत नव्हती. ब्रूस बॉयटलरच्या गटानं तिच्यातला बिघडलेला जनुक वर्षानुवर्षं शोधला आणि १९९८ साली तो टीएलआर-४ या एलपीएस ओळखणाऱ्या रिसेप्टरचा निघाला. माशीतल्या टोल या तशाच जनुकावर काम करणारे ज्यूल हॉफमन आणि डेंड्रायटिक या प्रतिकारपेशींचे राल्फ स्टाइनमन यांच्यासोबत बॉयटलरना २०११ चं नोबेल मिळालं. आता तुमच्या प्रोटीनवर शंका आली तर टीएलआर-४ नसलेल्या मॅक्रोफेजवर ते घालून बघता येतं.

तंत्रं येतील. फ्लो सायटोमेट्री (लेझरनं एकेक पेशी तपासणं), एलायझा, फायकॉल या द्रवावर रक्त चढवून मधला पांढऱ्या पेशींचा ढगाळ थर अलगद उचलणं, हे हाताला सहा महिन्यांत वळण लागतं. आर किंवा पायथन या संगणकभाषा मात्र एमएस्सीतच शिकून या, कारण हल्ली पेशी सुटी सुटी वाचणाऱ्या एका सिंगल-सेल प्रयोगातून हजारो पेशींची माहिती येते आणि ती एक्सेलमध्ये मावत नाही. वेळ लागतो तो संख्येचा अर्थ कळायला. एका उंदराच्या पेशी प्लेटच्या तीन वेल्समध्ये, म्हणजे खळग्यांत, घातल्या तर ते तीन प्रयोग होत नाहीत. एकच उंदीर तीनदा मोजला एवढंच होतं. हे न कळल्यामुळं किती प्रबंध मुलाखतीच्या टेबलावर अडकलेले मी पाहिलेत.

माणसाचं रक्त घेत असाल तर दात्यानं काल डोकेदुखीची गोळी घेतली होती का, गेल्या आठवड्यात सर्दी झाली होती का, रक्त किती वाजता काढलं, हे नळीवरच्या चिठ्ठीवर लिहा. आईच्या सकाळच्या बोटांमुळं हे माझ्या मनात पक्कं बसलं आहे. रुग्णांचं रक्त सकाळी नऊला ओपीडीत आणि निरोगी दात्यांचं दुपारी चारला लॅबमध्ये काढलं, तर दोन गटांत फरक दिसणारच आणि त्यातला किती आजाराचा आणि किती घड्याळाचा, ते कुणालाच सांगता येणार नाही.

उंदरांबद्दलही सावध राहा. माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींत निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल या जातीच्या असतात, उंदरात लिम्फोसाइट या दुसऱ्या जातीच्या. एलपीएसही उंदीर माणसापेक्षा कितीतरी जास्त पचवतो. २०१६ साली दिसून आलं की स्वच्छ पिंजऱ्यात वाढलेल्या प्रयोगशाळेतल्या उंदरांची प्रतिकारयंत्रणा नवजात बाळासारखी असते. पाळीव प्राण्यांच्या दुकानातले उंदीर सोबत ठेवले की ती प्रौढ माणसासारखी होऊ लागते. मी उंदीर वापरते आणि वापरत राहीन. पण उंदरात काम झालं म्हणजे आजार कळला, असं लिहिणाऱ्या प्रस्तावावर मी सही करत नाही.

म्हणून महिन्यातून एक दिवस तरी रुग्णालयात बसा, परवानगी काढून. शरीरातला दाह दाखवणारा सीआरपीचा रिपोर्ट तुम्ही घरी पाहिला असेल. हे प्रोटीन यकृत बनवतं, मुख्यतः आयएल-६ च्या सांगण्यावरून. आता आमवातासाठी आयएल-६ चा रिसेप्टर अडवणारं टोसिलिझुमॅब घेणाऱ्या रुग्णाला न्यूमोनिया झाला, तर सीआरपी शांतच दिसू शकतो. निरोपच पोचत नाही, तर यकृत काय करणार! मला हे पुस्तकानं शिकवलं नाही, वॉर्डातल्या एका रेसिडेंट डॉक्टरनं शिकवलं.

आणि वेळ. दाह कधी थांबवायचा, हा आमच्या क्षेत्रातला सर्वांत अवघड प्रश्न. २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिल्यानं व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं आणि ऑक्सिजनवरच्यांचे सुमारे एक पंचमांशानं घटले. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना फायदा दिसला नाही. औषध तेच, स्वस्त, जुनं. फरक दाहाच्या टप्प्याचा. दुसऱ्या लाटेत आपल्याकडे गरज नसताना, लवकर आणि जास्त स्टेरॉइड घेतली गेली, मधुमेह अनियंत्रित होता, आणि म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजारानं माणसांचे डोळे आणि जबडे गेले. त्या दिवसांत मला कळलं की आलेखावरचा आडवा अक्ष, तास आणि दिवसांचा, हा माणसाच्या जिवाशी बांधलेला असतो. तुमच्या प्रयोगात फक्त चोवीस तासांचा एकच बिंदू असेल तर तो प्रयोग अर्धाच झालाय. टीएनएफ काही तासांतच वर जातं, आयएल-१० हे दाह शमवणारं प्रोटीन मागून येतं आणि आग आवरू लागतं. एकाच वेळी डोकावून बघणाऱ्याला यातलं एकच दिसतं.

लॅब निवडताना पेपर किती आणि कुठल्या जर्नलात, ते जरूर पाहा. पण आधी तिथल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याबरोबर कॅन्टीनमध्ये चहा घ्या आणि विचारा, गेल्या वर्षभरात कुणाचा निष्कर्ष चुकीचा निघाला का, आणि मग काय झालं. उत्तर देताना तो दाराकडे बघू लागला तर दुसरी लॅब शोधा. माझ्या ताईनं तो प्रश्न सगळ्यांसमोर विचारला आणि विचारू दिला गेला, म्हणून माझा प्रबंध वाचला.

माझ्याकडे कुणी नवं आलं की पहिल्या आठवड्यात ती व्यक्ती पेशींवर काहीही घालत नाही. मॅक्रोफेज वाढवायचे, नुसतं मीडियम, म्हणजे पेशींचं पोषक द्रव, बदलायचं आणि टीएनएफ मोजायचं. आकडा शून्याजवळ यायला हवा. गेल्या वर्षी आलेल्या मुलीच्या रिकाम्या प्लेटला रंग आला. तिनं पाणी तपासलं, पिपेट टिप्स बदलल्या, हूड पुसला, मग एकेक बाटली वगळत गेली आणि नवव्या दिवशी मीडियममध्ये घालायच्या सीरमच्या नव्या खेपेपाशी पोचली. एलएएल केली, एंडोटॉक्सिन निघालं. वहीत तिनं तारीख, बाटलीचा लॉट नंबर आणि खाली एक ओळ लिहिली होती: "या लॉटवर झालेले सगळ्यांचे प्रयोग पुन्हा बघावे लागतील." त्यांत माझेही दोन होते. ते मी तिलाच करायला दिले.