शक्तिमानला कुठलं इंजिन?

लिलावात घेतलेल्या शक्तिमानच्या, म्हणजे लष्कराच्या जुन्या ट्रकच्या, इंजिनाचा ब्लॉक तडकलेला होता. गाडी जबलपूरची, पण मूळ जर्मनीच्या मान (MAN) कंपनीची. त्यांच्या एम पद्धतीच्या इंजिनात इंधन पिस्टनच्या गोल वाटीच्या भिंतीवर पसरतं आणि वाफ होत होत पेटतं. म्हणून डिझेलबरोबर हलकी इंधनंही पचतात. अमेरिकन लष्करी ट्रकांच्या ७.८ लिटर एलडीटी ४६५ इंजिनातही हीच युक्ती. मोह झाला, पण त्याचे पार्ट कोल्हापुरात कोण देणार?

टाटाचं ६९७ इंजिन सोपं होतं. मात्र त्याला गिअरबॉक्सशी जोडायला ॲडॉप्टर प्लेट हवी, खालचं तेलाचं भांडं, म्हणजे संपही, पुढच्या डिफरन्शियलला घासेल असा. नको ती भानगड! दुसऱ्या शक्तिमानचं भंगारातलं इंजिन घेतलं.

उद्यमनगरात हेड उतरवलं. वाटीची कड कुठेच जळली नव्हती, हे बघूनच जीव भांड्यात पडला. मिस्त्री म्हणाले, "पेट्रोलवर पळवशीला ओ मालक, पण इंजेक्शन पंपाला वंगण कोण देणार?" खरंय, पातळ इंधनानं त्या पंपातले प्लंजर (दट्टे) झिजतात, ताकदही उतरते. म्हणून रोज डिझेलच, कधीमधी बायोडिझेल. त्यासाठी रबरी नळ्या काढून व्हायटॉनच्या (इंधनाला टिकणाऱ्या रबराच्या) घातल्या, कारण बायोडिझेलनं जुनं रबर फुगतं.

आता आरसीवर नवा इंजिन नंबर चढायचा बाकी आहे.