पाखड नेमकं कोणतं? भातातली दोन जुळी गवतं अशी ओळखा

भातखाचरात भातासारखंच दिसणारं जे गवत उगवतं त्याला बरेच जण सरसकट पाखड म्हणतात आणि उपटून मोकळे होतात, पण त्यात दोन वेगळी गवतं असू शकतात, एकायनोक्लोआ कोलोना आणि एकायनोक्लोआ क्रस-गॅली. पुढे कोलोनाला धाकटं आणि क्रस-गॅलीला थोरलं म्हणतो, सोपं पडेल.

१) आधी ते भात नाही ना हे बघा. पान हळूच मागे ओढा. पान खोडापासून सुटतं त्या सांध्यात भाताला पातळ पांढरट जीभ असते नि बाजूला दोन केसाळ कान. या दोघांना तिथे काहीच नसतं, एकदम साफ. बेणणीला, म्हणजे तण काढायला, एवढी खूण पुरते.

२) धाकटं की थोरलं हे मात्र निसवल्यावरच, म्हणजे लोंबी बाहेर पडल्यावरच, कळतं. उंचीवर जाऊ नका, थोरलं दीड मीटरपर्यंत जातं आणि धाकटं बहुतेक गुडघ्याच्या आसपास राहतं हे खरं, पण खत मिळालं की धाकटंही माजतं. धाकट्याच्या पानावर कधीकधी जांभळे आडवे पट्टे असतात, दिसले तर छान, नाही दिसले तर त्यावरून काही ठरत नाही.

३) लोंबी तोडून पांढऱ्या कागदावर ठेवा, शेजारी पट्टी. खरा निकाल इथेच लागतो. धाकट्याच्या लोंबीच्या फांद्या आखूड, १ ते ३ सेंमी, एकेरी, आणि त्यावर दाणे चार ओळींत वेणी घातल्यासारखे नीट बसलेले, दाणा ३ मिमीच्या आतबाहेर, टोकदार पण बिनकुसळाचा (कुसळ म्हणजे दाण्याच्या टोकाला येणारा केसासारखा काटा). थोरल्याची लोंबी भरगच्च, खालच्या फांद्यांना परत छोट्या फांद्या, दाणे कसेही दाटलेले आणि त्यांच्या शिरांवर राठ केस, बोट उलटं फिरवलं की खरखर लागते. कुसळ मात्र फसवतं, थोरल्याला कधी लांबलचक असतं, कधी अजिबात नसतं, त्यामुळे कुसळ नाही म्हणजे धाकटं असं धरू नका.

४) जागा बघा, पण शेवटी. साचलेल्या पाण्यात थोरलं खुशाल वाढतं, धाकटं बांधाकडेला आणि खरिपाच्या कोरडवाहू पिकातही सापडतं.

गंमत म्हणजे भारतात पिकवतात ते बार्नयार्ड मिलेट हे भरडधान्य धाकट्यापासून आलं आणि जपानातलं थोरल्यापासून!

फोटो काढून कुणाला विचारणार असाल तर अख्खं झाड, पानाचा सांधा आणि लोंबी असे तिन्ही पाठवा, नुसत्या हिरव्या झुपक्यावरून कुणीच सांगू शकणार नाही. आणि उपटायचं ते दाणे पिकायच्या आधी, कारण दोघांचेही दाणे पिकतील तसे गळत राहतात. लोंब्या आलेलं गवत बांधावर टाकू नका, बी परत खाचरातच जातं.