शांत करणारं संगीत अस्वस्थ करतंय? ऐकताना या चुका टाळा

बेळगावच्या वडगावात आमच्या घराला लागूनच मागांचा कारखाना आहे. आईनं तिथं 22 वर्षं धाग्याच्या कांड्या भरल्या. काम सुटलं, तरी कुकरच्या शिट्टीला ती दचकायची आणि रात्री टक्क जागी असायची. गेल्या पावसाळ्यात मी तिला मोबाइलवरचं 'मन शांत करणारं' संगीत लावून दिलं, तेही पहिल्याच दिवशी सलग तासभर. चाळीसएक मिनिटं झाली असतील, तिनं हेडफोन ओढून काढला. "बंद कर की ते, डोकं भणभणायलंय." त्या रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही.

चूक माझी होती. जास्त ऐकलं की लवकर गुण येईल, असं मी धरून चालले होते. स्टीफन पोर्जेस या अमेरिकी शास्त्रज्ञांची 'सेफ अँड साऊंड प्रोटोकॉल' ही संगीत ऐकवून शांत करण्याची पद्धत घ्या. माणसाच्या आवाजाच्या पट्टीवर भर देऊन गाळलेली (फिल्टर केलेली) गाणी त्यात ऐकवतात. मूळ कार्यक्रमच जेमतेम 5 तासांचा आहे, आणि नाजूक प्रकृतीच्या माणसाला त्यातलीही मिनिटं मोजून देतात. या पद्धतीमागच्या सिद्धांताबद्दल शास्त्रज्ञांत मतभेद आहेत, हेही माहीत असू द्या. ती शिकलेल्या थेरपिस्टच्या देखरेखीखालीच करायची असते. नुसतं संथ गाणं ऐकणं वेगळं. ते घरी करता येतं, पण मात्रा तिथंही सांभाळावी लागते.

दुसरी चूक आवाजाची, आणि आमच्या भागात ती हमखास होते. मागाच्या खडखडाटात वर्षं काढलेल्यांना कमी ऐकू येतं, म्हणून घरचे आवाज वाढवत नेतात. आधी कान तपासून घ्या. मोठ्या माणसांसाठी आठवड्याला 40 तास, तेही 80 डेसिबलपर्यंत, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. शांत होण्यासाठी तर याच्या कितीतरी खाली राहावं.

गाळलेलं संगीत ऐकताना बेस वाढवू नका आणि बाहेरचा आवाज दाबणारी सोयही बंद ठेवा, नाहीतर मुद्दाम बेतलेला नादच बदलतो.

गाणं निवडताना माझं आणखी एक चुकलं. वडिलांच्या रेडिओवर लागायचा तो अभंग मी प्रेमानं लावला आणि आई हुंदके देऊन रडली. बेळगावजवळच्या सुळेभावीत गायक कुमार गंधर्व जन्मले ती ही माती. इथं प्रत्येक घरात गाण्याला कुठली ना कुठली आठवण चिकटलेली असते. सुरुवातीला अनोळखी, शब्द नसलेलं काही बरं.

ऐकताना धडधड, मळमळ किंवा चिडचिड झाली तर 'सवय होईल' म्हणून रेटू नका. लगेच थांबा, पाय जमिनीवर टेकवा, आजूबाजूला नजर फिरवा, पाणी प्या. दुसऱ्या दिवशी वेळ निम्म्यानं कमी करा. फिट येत असेल, कानात सतत आवाज येत असेल किंवा मनावर जुना आघात असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. चालू गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका.

आम्ही पुन्हा 3 मिनिटांपासून सुरू केलं. आता दुपारी शेजारचे माग जेवणासाठी थांबले की आई परसाकडं तोंड करून बसते. 12 मिनिटं. तेवढ्या वेळात मी कुकर लावत नाही.